आत कोणी नाही

रंजीताने पेपरवाल्यांना ती नोट अकरा वाजून वीस मिनिटांनी पाठवली. तीन भाषांत. आधी तेलुगू, मग हिंदी, शेवटी मराठी.

मजकूर चार ओळींचा होता. जिनिंगमध्ये सकाळी साडेदहाच्या सुमारास आग लागली. अग्निशमन दल पोहोचले आहे. आग आटोक्यात येत आहे. सर्व एकेचाळीस कामगार सुखरूप बाहेर असून आत कोणीही नाही.

खाली तिचं नाव आणि मोबाईल नंबर.

नोट गेली आणि तिला बरं वाटलं. हे तिने मागाहून सांगितलं. सांगताना खाली मान घालून सांगितलं.

रंजीता आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरची. वडील मारोतराव वांगी, टमाटे, मेथी पिकवतात. आई मनकर्णाबाई आठवडी बाजारात तीच भाजी घेऊन बसते. घरी मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी. अशा तीन भाषा तिच्या तोंडी कधी बसल्या ते तिलाही कळलं नाही. बी.कॉम. झाली आणि हायवेलगतच्या एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात टायपिंगला लागली. तिसऱ्या महिन्यात शेठने तिला बोलावून सांगितलं, आजपासून प्रेसचं काम तू बघायचं.

प्रेसचं काम म्हणजे सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन. दसऱ्याची मशीनपूजा. उन्हाळ्यात डोळे तपासणीचं शिबिर. फोटोत शेठ मधोमध उभे. खाली चार ओळी, तीन भाषांत. दिवाळी आली की सगळ्या पेपरांना शुभेच्छांच्या जाहिराती. तालुक्याच्या बऱ्याच बातमीदारांना पगार नसतो, जाहिरातीतला वाटा असतो. म्हणून तिची नोट जशीच्या तशी छापून यायची. पाच वर्षांत तिला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता.

उत्तमराव तेवढे तिची थट्टा करायचे. स्टँडजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान. नदीपलीकडच्या राज्यातून निघणाऱ्या एका मराठी पेपरला ते वीसेक वर्षांपासून बातम्या देतात.

"पोरी, तुह्या नोटमधी सगळे लोक हसूनच राह्यले असतात," ते म्हणायचे. "कोणाचं पोटबिट दुखत नाई का तुमच्या कंपनीत?"

"दुखलं तं गोळी देतो आमी, काका. त्याची नोट नाई काढत."

उत्तमराव हसायचे. तीही हसायची.

त्या दिवशी सकाळी कापसातून एक खडा मशीनमध्ये गेला. ठिणगी उडाली, असं फोरमन म्हणतो. नक्की कोणाला माहीत नाही. रुईला आग लागते तेव्हा आधी ज्वाळा दिसत नाहीत. आधी धूर. पांढरा, मग पिवळा, मग घशात बसणारा. रंजीता ऑफिसच्या खिडकीशी होती. बाया तोंडाला पदर लावून पळत होत्या. कोणीतरी पाणी, पाणी ओरडत होतं. कापसाच्या गंजीवर ताडपत्री ओढायला चार माणसं धावली आणि धूर अंगावर आला तशी परत फिरली.

मॅनेजर गोपाळराव हजेरीपट घेऊन गेटवर आले. मवाळ माणूस. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून आदिलाबादेत नोकरी करून राहिलेलं. कोणाला अरे म्हणत नाहीत. शेठचा फोन आला की मात्र खुर्चीवरून उठून बोलतात. त्यांनी पहिलं काम केलं ते बायांना हायवेपलीकडे पाठवायचं. धूर लागू नये म्हणून, असं ते म्हणाले. दुसरं कारण त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

"पेपरवाले येतील. या बाया काहीबाही बोलतील. त्यांना लांबच राहू दे."

मग मोजणी झाली. बायांची नाही, हजेरीपटावरच्या नावांची. गोपाळराव नाव वाचायचे, शेजारी उभा असलेला मुकादम नागनाथ म्हणायचा, निघाली. निघाली. हा निघाला. चाळीस नावांवर खूण झाली. एक उरलं.

"रेणुकाबाई?"

नागनाथ आगीकडे बघत होता. "घरी असन साहेब. ताप हाये तिले. हाजिरी चुकून लागली असन."

"चुकून?"

"घाईत लागते कधी."

रंजीताकडे सगळ्यांचे नंबर होते. तिने लगेच फोन लावला. पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"रेणुकाबाई, तुमी घरीच हाये ना?"

"हो माय. दोन दिसापासून ताप हाये. पन मी काय म्हणतो—"

कानात दुसऱ्या कॉलचा टुकटुक आवाज येत होता. स्क्रीनवर शेठचं नाव.

"बरं, बरं. आराम करा," रंजीता म्हणाली आणि फोन कापला.

शेठ हैदराबादेत होते. "नोट गयी क्या?" त्यांनी विचारलं. "टीवी पे कुछ उल्टा आने से पहले अपनी नोट जानी चाहिए. सब सेफ है ना?"

"हां सर. सब सेफ है."

फायरचा अधिकारी गाडीतून उतरून थेट तिच्याकडे आला, कारण गेटवर तेलुगू बोलणारी तीच उभी होती. "लोपल एवरैना उन्नारा?" आत कोणी आहे का. तिने मान हलवून सांगितलं, "एवरू लेरु." कोणी नाही. त्याने मागे वळून हात केला. पाण्याचा पाईप पुढच्या शेडकडे वळला, जिथे बांधलेल्या रुईच्या गाठी होत्या. मागच्या बाजूला सरकीचं गोदाम धुरात दिसेनासं झालं होतं. तिकडे कोणी गेलं नाही. जायचं कारण नव्हतं.

मग तिने हजेरीपटावरचा एकेचाळीस हा आकडा तसाच घालून नोट पाठवली.

अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तिने मोबाईल बघितला. रेणुकाबाईचे चार मिस्ड कॉल.

तापाने पडलेली बाई चार वेळा फोन कशाला करेल? गोपाळराव शेजारून म्हणाले, "आता कोणाचेच फोन घेऊ नकोस." मोबाईल हातात पाचव्यांदा थरथरला. तिने घेतला.

"फोन काऊन कापला वं?" रेणुकाबाई ओरडली. तिला धाप लागली होती. "मी सांगून राह्यली होती. माही सून गेली ना आज माह्या बदली. रूपाली. तिचा फोन लागून नाई राह्यला. ती बाहेर आली ना?"

रंजीताची नजर गेटवर नागनाथला शोधू लागली.

"अवं, आली ना बाहेर?"

"मी पाहून सांगतो."

"पाहून म्हंजे काय?"

बदली ही त्या जिनिंगमधली जुनी रीत. एखादीला यायला जमलं नाही की ती बहिणीला नाहीतर सुनेला पाठवायची. हजेरी पहिलीच्या नावाने लागायची, म्हणजे काम सुटायचं नाही. बदलीवर आलेली बाई दिवसभर त्या नावाने ओ द्यायची. तिचं खरं नाव कोणी विचारायचं नाही. गेल्या दिवाळीत विमा कंपनीचा माणूस येऊन गेला आणि शेठने बदली बंद केली. नोटीस लागली. बदली दिसली तर मुकादमाला त्याच दिवशी काढू. ती नोटीस रंजीतानेच टाईप केली होती. तेव्हापासून बदली बंद झाली असं ऑफिसात सगळे धरून चालले. ती फक्त ऑफिसला दिसायची बंद झाली होती.

नागनाथ गेटच्या खांबाशी उभा होता. तिला पळत येताना बघूनच त्याचा चेहरा उतरला.

"रूपाली कुठं होती?"

"म्याडम, मले वाटलं मांगच्या गेटनं निंगाली असन—"

"कुठं होती, नागनाथभाऊ?"

"सरकीच्या गोदामात." त्याने मागच्या धुराकडे हात केला. "नवीन पोरगी. मशीनीवर कशी उभी करू? झाडू देल्ला हातात. तिकडं पाठोली." मग तो रडायलाच लागला. "माह्या लेकराबाळाचं काय होईन म्हणून नाई बोललो वं बाई."

अकरा बत्तीस. तिने "एवरू लेरु" म्हटलं त्याला पंधरा-सतरा मिनिटं झाली होती. तिने मनात हिशेब केला. इतका वेळ त्या धुरात माणूस काय करेल? ओरडली असेल. दार शोधलं असेल. पहिलाच दिवस. तिला दारं कुठे आहेत ते तरी माहीत होतं का?

फायरचा अधिकारी वीस पावलांवर होता. त्याच्याभोवती बातमीदार जमले होते. उत्तमराव, दोन तेलुगू पेपरवाले, मोबाईल उंच धरलेले तीन यूट्यूब चॅनेलवाले. गोपाळरावांनी तिचा रस्ता अडवला.

"त्यांच्यासमोर नको. ऑफिसरला आत बोलवू. शांतपणे सांगू."

"साहेब, तो आत येणार, मग परत जाणार. तेवढा टाईम नाई."

"शेठला एकदा विचारू दे. एक मिनिट." त्यांनी फोन लावला. "एंगेज येतोय. थांब. थांब जरा."

रंजीता थांबली. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. अर्धं मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल ती अजून बोलते. नोकरी डोळ्यांपुढे आली. तीन भाषांत गेलेली नोट आली. खाली आपलं नाव आहे हे आठवलं. आणि सगळ्यात जास्त भीती वेगळीच होती. आता सांगून उपयोग नसला तर? न सांगता राहिलं तर उशीर झाला होता हे कळणार तरी नाही.

मग ती गोपाळरावांना वळसा घालून निघाली आणि पळता पळताच ओरडली.

"सार, लोपल ओक अम्माई उंदि!" आत एक मुलगी आहे.

अधिकारी वळला. सगळे मोबाईल वळले. तिने गोदामाकडे हात केला. त्याने पुढचं विचारलंही नाही. शिट्टी मारली. पाईप ओढत माणसं मागच्या बाजूला धावली.

आता ती आणि बातमीदार समोरासमोर राहिले. उत्तमराव पुढे होते. त्यांच्या हातात मोबाईल होता आणि त्यावर तिचीच नोट उघडी होती.

"रंजीता, हे काय म्हणते? आत कोणी नाई म्हणते."

"नोट चुकीची हाये, काका."

"चुकीची म्हंजे?"

"मी न पाहता पाठोली. एक जण सापडून नाई राह्यली."

एकदम गलका झाला. नाव काय? जिवंत आहे का? मालक कुठे आहे? आग कशाने लागली? एक यूट्यूबवाला अगदी तोंडाशी आला. "मॅडम, दहा मिनिटांपूर्वी सगळे सुखरूप होते. आता एक कमी. अजून दहा मिनिटांनी किती?"

कोणीतरी हसलं.

"जिवंत आहे का, मला माहीत नाही," ती म्हणाली. "आग कशाने लागली, माहीत नाही. नाव आता सांगणार नाही. तिच्या घरी आधी मला सांगू द्या."

"मग तुम्हाला माहीत काय आहे?"

"ती सकाळी कामाला आली. सरकीच्या गोदामात झाडायला गेली. बाहेर येताना तिला कोणी बघितलं नाही. एवढंच माहीत आहे. बारा वाजता मी इथंच येऊन पुढचं सांगते."

असं बोलायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आपण काय बोलतोय हे तिचं तिलाही नीट कळत नव्हतं. बाजूला होऊन तिने रेणुकाबाईला फोन लावला. "रूपाली आत हाये. फायरवाले शोधून राह्यले." पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग एक बारीक आवाज, जनावराच्या कण्हण्यासारखा. मग फोन कोणीतरी काढून घेतला.

मागच्या बाजूला पत्र्यावर घण पडत होते. गोदामाचं दार आतल्या धगीने वाकून बसलं होतं, म्हणून मागची पत्र्याची भिंत फोडायला घेतली होती. प्रत्येक घावाला रंजीता डोळे मिटायची. उघडले की धूर तसाच.

बाराला पाच मिनिटं होती. गोपाळराव म्हणाले, "जाऊ नकोस त्यांच्याकडे. सांगायला काहीच नाही. तू आता एक ओळ जरी चुकलीस तर शेठ मला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"येतो म्हणलं हाये साहेब."

आधी रेणुकाबाईच्या घरी फोन. मग ती गेली. बारा वाजता, त्याच जागी.

"अजून काही कळलं नाही," तिने सांगितलं. "मागची भिंत तोडत आहेत. सव्वाबाराला परत येते."

या वेळी गलका झाला नाही. मघाशी दोघं-तिघं कंपाउंडवर चढून आतलं दिसतं का बघत होते. ते खाली उतरले. "येतो म्हणली आन् आली बाप्पा," तेलुगू पेपरवाल्यांपैकी एक आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला. थट्टाच होती, पण त्याने तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिने ती उघडलीच नाही.

बारा वाजून अकरा मिनिटांनी मागून ओरडा झाला.

रूपाली सरकीच्या ढिगामागे सापडली. बारदान्याच्या थप्पीखाली शिरली होती. तोंडाला ओढणी गच्च बांधलेली. वय बावीस. ताडपत्रीवर ठेवून चौघांनी तिला आणलं. पाय काळे पडले होते. एक हात खाली लोंबत होता आणि चालताना हलत होता. जिवंत आहे की नाही, ते रंजीताला दिसेना. अधिकाऱ्याने बोटाने खूण केली. श्वास आहे.

मोबाईल उंचावले.

"काका," रंजीता म्हणाली, "चेहरा नका दाखवू. तुमच्या पाया पडतो."

उत्तमरावांनी आपला मोबाईल खिशात टाकला आणि मधे जाऊन पाठ करून उभे राहिले. "अरे, घरची पोरगी असती तं असं केलं असतं का?" ते ओरडले. दोघांनी हात खाली घेतले. तिसऱ्याने नाही घेतला. त्याचा व्हिडिओ दुपारी सगळ्या गावाने बघितला.

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात रंजीता बाकावर बसली होती. कपड्यांना धुराचा वास. गोपाळराव तिच्याशेजारी येऊन टेकले. त्यांनी मोबाईल पुढे केला. शेठकडून नवी नोट आली होती, वकिलाने लिहिलेली. मुकादमाने चुकीची माहिती दिल्यामुळे गैरसमज झाला. कंपनीचा त्यात संबंध नाही. खाली सहीसाठी रंजीताचं नाव.

"पाठवून दे," गोपाळराव म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले. "नागनाथ खोटं बोललाच ना?"

"बोलला."

"मग?"

"त्याले मी घाबरवलं होतं साहेब. नोटीस मीच टाईप केली. आन् रेणुकाबाई सांगत होती तं फोन मी कापला. रस्त्याच्या पलीकडं एवढ्या बाया उभ्या होत्या. एकीले तरी विचारलं का आपण?"

गोपाळरावांनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

तेवढ्यात उत्तमरावांचा फोन आला. आवाज थकलेला. "बातमी देऊन राह्यलो. सकाळची नोट कोणाची लिहू? कंपनीची का मुकादमाची?"

तिने डोळे पुसले. "माही लिहा. रंजीता म्हणून. न विचारता पाठोली, असं लिहा."

"पोरी, नोकरी जाईन."

"जाईन काका."

मग त्यांनी विचारलं, "पोरीची तब्येत?"

"डॉक्टर बाहेर नाई आले. आले की फोन करतो. तवर काही नका लिहू."

केसपेपरच्या खिडकीतून माणसाने कागद बघून नाव पुकारलं. "रेणुकाबाई! रेणुकाबाईसोबत कोण आहे?"

रेणुकाबाई तेव्हाच दारातून आत येत होती. दोन बायांनी तिला धरलं होतं. तापाने डोळे लाल. अंगावर शाल. आपलं नाव ऐकून ती जागीच उभी राहिली.

"मीच रेणुका," ती म्हणाली. "मले काय झालं?"

रंजीता उठून खिडकीशी गेली. तिच्या लक्षात आलं. ॲम्ब्युलन्सबरोबर आलेल्या माणसांनी हजेरीपटावरचं नाव सांगितलं होतं.

"नाव चुकलं हाये. रूपाली लिहा. वय बावीस."

"आता सगळे कागद त्याच नावाने झाले."

"सगळ्या कागदांवर बदला."

"उद्या करू."

"आता करा, भाऊ. मी थांबतो इथंच."

त्याने कुरकुर करत आधीचं नाव खोडलं. ती तिथेच उभी राहून एकेका कागदावर बघत राहिली.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा तीन वाजून गेले होते. धूर छातीत उतरला आहे, म्हणाले. नळी घातली आहे. उद्या सकाळपर्यंत काही सांगता येत नाही. ते तेलुगूत बोलले. रेणुकाबाईला समजलं नाही. तिने रंजीताकडे बघितलं.

"काय म्हणते डॉक्टर?"

बरी होईल, एवढंच म्हणायचं होतं. सगळे तेच म्हणतात. रंजीताच्या ओठापर्यंत आलं होतं. तिने डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं मराठीत सांगितलं. नळी, छाती, उद्याची सकाळ.

रेणुकाबाई खाली बसली. रंजीता बाकावर सरकली तरी ती तिच्याजवळ येऊन बसली नाही. भिंतीला टेकून फरशीवरच राहिली. संध्याकाळपर्यंत ती तिच्याशी बोलली नाही. फक्त मधूनमधून दाराकडे बघून विचारायची, "आतून काई सांगतलं का?"

रंजीता उठायची. दाराशी जाऊन नर्सला विचारायची. परत यायची.

"नाई. अजून तसंच म्हणते."